रोज १०० टक्के चार्ज करताय? आधी बॅटरी कुठली आहे ते बघा

इलेक्ट्रिक गाडी नवीन असली की सगळे एकच करतात, घरी आलं की प्लग लावायचा आणि सकाळपर्यंत १०० टक्के. मोबाईलची सवय, दुसरं काय. मीपण तेच करायचो. पण बॅटरीला चार्ज होण्याचा जेवढा त्रास नाही तेवढा फुल्ल होऊन उन्हात नुसतं उभं राहण्याचा आहे.

त्यामुळे आधी मॅन्युअल काढून सेल कुठले आहेत ते बघा. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाले) असतील तर रोजचं लिमिट ८० वर ठेवा, कारण फुल्लला सेलचं व्होल्टेज ४.२ च्या आसपास जातं आणि तिथे जितका जास्त वेळ राहील तितका तो लवकर म्हातारा होतो. लांब जायचंय तर खुशाल १०० करा, फक्त टायमर असा लावा की निघायच्या जरा आधी चार्जिंग संपेल.

एलएफपीचं (लिथियम आयर्न फॉस्फेटवाल्या सेलचं) गणित वेगळं. त्याचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात ३.२-३.३ वर जवळपास सपाट असतं, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून ४० टक्के आहे का ६० ते बीएमएसला (बॅटरी सांभाळणाऱ्या गाडीतल्या कॉम्प्युटरला) नीट कळत नाही, ते कळतं एकदम वर गेल्यावर, म्हणून कंपन्या सांगतात अधूनमधून १०० करा, बऱ्याचदा आठवड्यातून एकदा. नाही केलं तर आकडा भरकटतो, आत्ता १५ दिसत होते आणि पुढच्या वळणावर ६, मग बसा घाम पुसत.

वेळेचा हिशोब सोपा आहे. ४० युनिटचा पॅक २० वरून ८० ला न्यायचा म्हणजे २४ युनिट, ७.२ किलोवॅटच्या चार्जरवर साधारण साडेतीन तास, ३.३ च्या छोट्यावर सात-आठ, आणि वाटेत थोडी वीज वाया जाते म्हणून मीटरवर आकडा जास्तच दिसणार. साध्या सॉकेटवर लावत असाल तर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा, कोमट चालेल, चटका बसला तर लगेच बंद. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच.

फास्ट चार्जरवर ८० नंतर ताटकळत बसू नका, तिथून वेग इतका पडतो की तेवढ्या वेळात पुढच्या स्टेशनपर्यंत जाऊन होतं. कडाक्याच्या थंडीत गार बॅटरीला जोरात करंट दिला तर आत लिथियमचा थर बसतो, तो पूर्ण परत निघत नाही. गाडी स्वतःच वेग कमी करते, तिच्यावर चिडू नका.

साध्या हायब्रीडला (प्लग-इन सोडून) प्लग नाही, टक्केवारी गाडीच सांभाळते, तुमचं काम फक्त बॅटरीची हवा मोकळी ठेवायचं. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते, बॅटरीचा पंखा तिथून हवा ओढतो. माझ्या गाडीत मागे पंखा घरघरायचा, म्हटलं गेली बॅटरी, बघतो तर जाळीवर कुत्र्याच्या केसांची अख्खी गादी! व्हॅक्युम मारला, आवाज बंद. तिथे पिशव्या टेकवू नका. आणि नारिंगी वायरींना (त्या हाय व्होल्टेजच्या) हात लावायचा नाही, म्हणजे नाहीच.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर इलेक्ट्रिक ५० टक्क्यांच्या आसपास सोडा, सावलीत. परत आल्यावर दार उघडलं नाही तर मोठ्या पॅकला शिव्या देण्याआधी ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी तपासा, बहुतेक वेळा तीच बसलेली असते.