ब्लेड वाकडं जातंय? आधी खालचं दार उघडा : बँडसॉच्या भुशाबाबत या चुका टाळा

बँडसॉ म्हणजे वर-खाली दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीची करवत. तिचं ब्लेड लाईन सोडून जायला लागलं की आपल्याकडं पहिला हात जातो टेन्शनच्या, म्हणजे ब्लेडचा ताण वाढवायच्या मुठीवर. पिळ, अजून पिळ, मग गाईड (ब्लेडला बाजूनं सरळ धरणारे आधार) हलव, मग ट्रॅकिंग (ब्लेड चाकावर जागेवर ठेवणारी सेटिंग) फिरव, आणि शेवटी टिंबर मार्केटला जाऊन नवीन ब्लेड आण. मी पण हेच करायचो, दोन ब्लेडं तोडली, आणि दोष निघाला खालच्या चाकावर. रबरी टायरवर भुशाचा थर बसून दगडासारखा झालेला.

असं का होतं बघा. ब्लेडचे दात खाली कापत जातात, त्यामुळं दातांच्या खाचेतला भुसा थेट खालच्या चाकापाशी येतो आणि ब्लेड त्याला टायरवर दाबून बसवतं. लाकडात चीक असला, ओलसर असलं तर विचारूच नका. मग चाक एकसारखं गोल राहत नाही, ब्लेड मागं-पुढं हलतं, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला धक धक असा आवाज येतो. हा आवाज आला की टेन्शनला हात लावू नका, मशीन बंद करा, प्लग काढा आणि दार उघडा. थर लाकडी पट्टीनं खरवडायचा, स्क्रू ड्रायव्हरनं नाही, टायर फाटतो. पेट्रोल, थिनर तर अजिबात नको, रबर खराब होतं. खालच्या चाकाला टेकणारा छोटा ब्रश असतो तो पण बघा, बऱ्याच मशीनवर झिजून नुसता दांडा राहिलेला असतो.

दुसरी चूक कॉम्प्रेसरची. उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, कॉम्प्रेसरची हवा सगळ्यांकडं असते म्हणून संध्याकाळी फुर्रर्र करून मोकळं व्हायचं, पण त्या प्रेशरनं बारीक भुसा बेअरिंगमधे आणि मोटारीत घुसतो, उरलेला हवेत उडून आपल्या छातीत जातो. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं गट 1 मधे टाकलीय, म्हणजे माणसाला कॅन्सर करते हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही भावांनो, एन 95 मास्क घाला, आणि ब्रश आणि व्हॅक्यूमनं साफ करा. मशीनच्या भुसा बाहेर काढायच्या 4 इंची तोंडाला घरगुती व्हॅक्यूमचा बारका पाईप जोडून भुसा ओढला जाईल ही अपेक्षा पण सोडा, एवढी हवाच त्यातून जात नाही.

गाईडला ऑईल मारू नका, ऑईल आणि भुसा मिळून लापशी होते. ब्लेड आणि बाजूच्या गाईडमधे कागदाएवढी फट ठेवा, मागचं बेअरिंग पण रिकाम्या चालीत ब्लेडला टेकायला नको.

आणि पावसाळा! जूनपासून इथली हवा अशी दमट की बिडाच्या टेबलावर रात्रभर भुशाचा ढीग राहिला तर सकाळी त्याच जागी तांबडा डाग दिसतो. भुसा ओल धरून ठेवतो ना. निघताना टेबल कोरड्या फडक्यानं पुसून मेणाचा हात फिरवा. चार दिवस मशीन बंद राहणार असेल तर टेन्शन सैल करा, टायरवर ब्लेडचा खड्डा पडत नाही, फक्त सैल केल्याची चिठ्ठी स्विचवर चिकटवा. आमच्याकडं एका पोरानं न बघता बटण दाबलं आणि ब्लेड चाकावरून उतरलं, दार बंद होतं म्हणून हात वाचला.