संशयास्पद काही दिसलं तर खबर कशी द्यायची, म्हणजे ती मधेच हरवणार नाही

दरवर्षी 26 नोव्हेंबर, म्हणजे 2008 च्या मुंबई हल्ल्याचा दिवस, आला की आमच्या भुसावळकडे मेणबत्त्या लागतात, स्टेटस पडतात आणि कोणीतरी म्हणतंच की आधी खबर होती, तरी काही केलं नाही. खरंय ते. समुद्रातून हल्ला होऊ शकतो, मोठी हॉटेलं निशाण्यावर आहेत, असे इशारे 2006 पासून येत होते, आणि ते कसे हाताळले गेले त्यावर नंतर या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने बोट ठेवलं. 166 माणसं गेली. पण हे सगळं वाचून माझं एक मत झालंय, खबर नसते असं फार कमी वेळा होतं, खबर असते, पण देणारा अर्धी देतो आणि घेणारा ती कोणाच्या गळ्यात टाकत नाही. वरच्या साहेबांचं आपल्या हातात नाही, पण मंडळात, यात्रेत, स्टेशनवर आपलं जेवढं आहे तेवढं तरी नीट करू, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, काय दिसलं आणि काय वाटलं हे वेगळं ठेवा. "एक माणूस डेंजर वाटत होता" याचा पोलिसाला काही उपयोग नाही. "सकाळी 9 वाजता पाणपोईच्या मागे निळी बॅग ठेवून एक जण जिन्याने वर गेला, अर्धा तास झाला आला नाही, बॅग अजून तिथेच आहे" याचा आहे. वेळ, जागा, वस्तू, माणूस कुठल्या बाजूला गेला, गाडी असेल तर नंबर. आणि जे माहीत नाही ते सरळ माहीत नाही म्हणा, अंदाजाने भर टाकू नका.

कपडे, दाढी, भाषा, जात, धर्म ही खबर नाही. हे मी तळमळीने सांगतोय कारण आपल्याच धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 ला काय झालं ते आपण पाहिलंय. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज मोबाईलवर फिरत होते, आणि भिक्षा मागायला आलेल्या 5 जणांना लोकांनी ठार मारलं. सोलापूर जिल्ह्यातून आलेली भटकी गरीब माणसं होती ती. म्हणून ग्रुपवर टाकणं म्हणजे खबर देणं नाही, ग्रुपवर टाकूच नका, ज्याचं काम आहे त्यालाच सांगा.

कोणाला? कुठेही असा, 112. रेल्वेत किंवा स्टेशनवर 139, नाहीतर समोर दिसेल तो आरपीएफचा (रेल्वे सुरक्षा दलाचा) जवान. गावात पोलिस पाटील. बेवारस बॅग असेल तर हात लावायचा नाही, पायाने सरकवायची नाही, लोकांना लांब करायचं, आणि फोनही लांब जाऊन करायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सांगून मोकळं व्हायचं नाही. एका मोठ्या स्टेशनवर मी स्वतः एकदा बेवारस सुटकेस पाहिली, ड्युटीवरच्या माणसाला सांगितलं, तो म्हणाला हो भाऊ बघतो, माझी गाडी लागली होती म्हणून मी चढलो. त्याचं नाव विचारलं नाही, त्याने काही लिहून घेतलेलं दिसलं नाही, पुढे काय झालं मला आजपर्यंत माहीत नाही आणि ते अजून टोचतं. तेव्हापासून मी नाव विचारतो, किती वाजता सांगितलं ते मोबाईलमध्ये लिहितो, ठाण्यात असलो तर डायरीत नोंद घ्या म्हणतो, आणि थोड्या वेळाने परत फोन करतो. लोक वैतागतात, वैतागू द्या.

खबर घेणारे तुम्ही असाल, म्हणजे मंडळाचे कार्यकर्ते वगैरे, तर सांगणारा कोण आहे यावरून खबर तोलू नका. मुंबईत 12 मार्च 1993 च्या स्फोटांच्या 3 दिवस आधी पकडलेल्या एका आरोपीने पोलिसांना सांगितलं होतं की पाकिस्तानात ट्रेनिंग झालंय, शहरात स्फोट होणार आहेत. त्याच्यावर विश्वास बसला नाही. 257 माणसं गेली. दारू पिऊन आलेला असो की दहा वर्षांचं पोरगं असो, जाऊन बघायला काय लागतं? "माले काय करनं शे" (मला काय करायचंय) हे आपल्याकडचं वाक्य अशा वेळी तोंडातून येऊच देऊ नका.

आणि एकच वही ठेवा. अमेरिकेत जुलै 2001 मध्ये फिनिक्सच्या एफबीआय (तिथली केंद्रीय तपास संस्था) एजंटने कळवलं होतं की विमान चालवायला शिकायला येणाऱ्या काही लोकांची चौकशी व्हायला पाहिजे, ऑगस्टमध्ये मिनेसोटातल्या फ्लाइंग स्कूलवाल्यांनी एका विद्यार्थ्याबद्दल एफबीआयलाच फोन केला, त्याला अटकही झाली, पण हे दोन कागद कोणी शेजारी ठेवून वाचले नाहीत आणि 11 सप्टेंबरला पळवलेली विमानं इमारतींवर आदळली. मंडपात गेटवाल्याने एक पाहिलं, पार्किंगवाल्याने दुसरं, दोघांचं एका वहीत आलं तरच कळणार. रात्री एकाने ती वही पूर्ण वाचायची, त्याचं नाव आधीच ठरवा.

तारीख नसलेला इशारा शिळा होतो हे पण लक्षात ठेवा. 26/11 ला हल्ला झालेल्या मुंबईच्या ताज हॉटेलला आधी इशारा आला होता आणि बंदोबस्तही केला होता, हे रतन टाटांनीच नंतर सांगितलं, पण हल्ल्याच्या वेळेपर्यंत वाढवलेला बंदोबस्त सैल झालेला होता. म्हणून बंदोबस्त कमी करायचा असेल तर कोणी ठरवलं आणि का, हे पण लिहा.

खबरीमागे धावलं की काय होतं ते आपल्या जवळच घडलंय. मे 2006 मध्ये चांदवड-मनमाड रस्त्यावर एटीएसने (पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने) टीपवरून गाड्यांचा पाठलाग केला, आरडीएक्स आणि एके-47 पकडल्या. त्यातून निसटलेला झबिउद्दीन अन्सारी पुढे 26/11 च्या वेळी कराचीत बसून हल्लेखोरांना सूचना देत होता असा आरोप आहे. पकडलेला माल कुठे फुटला असता कोण जाणे.

वहीच्या पहिल्या पानावर 112, 139, ठाण्याचा लँडलाइन आणि पोलिस पाटलाचा नंबर लिहा, आणि लँडलाइन आधी एकदा लावून बघा, कारण गेल्या वर्षी आमच्या मंडपातल्या बोर्डवर जुनाच नंबर होता आणि दहा दिवस कोणी लावून पाहिला नव्हता.