माळवदाचे लाकूड कसे वाचावे: उथळ्यापासून किलचनापर्यंत

माळवदाचे, म्हणजे लाकडावर माती पसरलेल्या सपाट छताचे घर दुरुस्तीला काढायचे असेल, तर सुताराशी नेमक्या शब्दांत बोलता आले पाहिजे. आमच्या घरी एकदा ‘ओसरीवरचे वाळवी लागलेले लाकूड बदला’ एवढाच निरोप दिला गेला. सुताराने दोन कड्या बदलल्या, आणि जिच्या टोकाला वाळवी होती ती तुळई तशीच राहून पुढच्या पावसाळ्यात खचली.

नावे शिकताना जमिनीपासून वर जावे, म्हणजे कोणते लाकूड कशावर टेकले आहे हेही आपोआप कळते. सर्वांत खाली उथळे असते. हा घडीव दगड खांबाचा पाय भुईच्या ओलीपासून दूर ठेवतो. उथळ्यावर खांब उभा राहतो आणि खांबाच्या डोक्यावर काढलेले कुसू (खुंटीसारखे टोक) तुळईच्या खाचेत बसते. तुळई म्हणजे एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेलेले जाड आडवे लाकूड. दोन खांबांमधल्या गाळ्याला खण म्हणतात, आणि जुनी माणसे घराचे माप फुटांत न सांगता ‘पाच खणांचे घर’ असे सांगतात ते यामुळेच. तुळयांवर आडव्या, जवळजवळ टाकलेल्या बारीक लाकडांना कड्या म्हणतात. कड्यांवर फळ्या ठोकल्या असतील तर तो कडीपाट. लाकडाचे आखूड तुकडे दाटीने बसवले असतील तर ते किलचन. त्यावर पाला किंवा काड्यांचा थर, मग चिखल आणि शेवटी पांढरी माती येते. उजेडासाठी ठेवलेले साणे आणि पाणी बाहेर टाकणारी पन्हाळ यांच्याभोवतीची लाकडे आधी तपासावीत, कारण पाणी मुरते ते बहुधा तिथेच.

मातीच्या थराकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागते. दर पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकण्याच्या रिवाजामुळे हा थर वाढत जातो. तो दोन फुटांचा झाला, तर दर चौरस मीटरवर सुमारे १००० किलो भार पडतो, आणि माती भिजली की त्याहूनही अधिक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि अशीच जड माळवदे कोसळल्यामुळे. जेथे माळवदाचा भार भिंतींऐवजी लाकडी खांब-तुळयांवर होता, अशा काही घरांत भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला. म्हणून मातीचा थर कमी करणे आणि खांब-तुळईच्या कोनात तिरपा टेकू पक्का ठोकणे, ही दोन कामे मी इतर कोणत्याही डागडुजीच्या आधी करवून घेईन. माती उतरवताना ती सगळीकडून सारख्या थरांनी उतरवावी. एकच बाजू रिकामी करू नये.

किनवट-माहूरकडे दिसणाऱ्या उतरत्या कौलारू छपराची नावे वेगळी आहेत. माथ्यावरचे आडवे लाकूड आढे, त्यापासून खाली उतरणारे वासे, वाशांवर आडव्या ठोकलेल्या रिपा, दोन उतरत्या बाजू म्हणजे पाखे आणि पाख्याची खालची कड म्हणजे वळचण. ‘वळचणीचे पाणी आढ्याला गेले’ ही म्हण ज्याला कळते, त्याला निम्मे छप्पर कळलेच. छपराखाली कैची (लाकडांचा त्रिकोणी सांगाडा) असेल, तर तिचे खालचे आडवे लाकूड डोक्याला लागते म्हणून कधीही कापू नये, कारण वाशांचे पाय बाहेर सरकू न देण्याचे काम तेच करते.

तपासणीसाठी दाभण पुरेसे आहे. तुळईचे जे टोक भिंतीत गेले आहे, तेथील गिलावा थोडा उकरून दाभण दाबून पाहावे. चांगले सागवान दाभणाचे टोक आत घेत नाही. दाभण सहज शिरले आणि बाहेर काढताना भुसा आला, तर लाकूड आतून पोखरले आहे असे समजावे. कोणतेही लाकूड सोडवण्यापूर्वी त्याच्या शेजारी भुईपासून टेकू देणे आवश्यक आहे. शेवटी कागदावर घराचा आराखडा काढून प्रत्येक खणाला आणि कडीला क्रमांक द्यावा, आणि ‘दुसऱ्या खणातली, भिंतीकडून तिसरी कडी’ अशा शब्दांत काम लिहून तो कागद सुताराच्या हाती द्यावा.