आरोग्य विमा घेताय? आधी खोलीभाडं विचारा

एजंट आला की आधी हप्ता सांगतो. त्याला चहा द्या, पण पहिला प्रश्न खोलीभाड्याचा विचारा. ५ लाखांच्या पॉलिसीत ‘विमा रकमेच्या १ टक्का’ अशी अट असेल तर दिवसाला ५,००० रुपयांचीच खोली चालते. आमच्या काकांना इथे नाशकातच ८,०००च्या खोलीत ठेवलं. वाटलं, वरचे ३,००० आपण भरू. पण डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळंच त्याच प्रमाणात, म्हणजे ८,०००मागे ३,००० असं, कापलं. या सगळ्याचं बिल २ लाख झालं होतं, त्यातले ७५,००० खिशातून गेले. औषधं आणि इम्प्लांटला ही कात्री लागत नाही, तेवढंच नशीब.

आई-वडिलांना आपल्या फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकाच पॉलिसीत, घालू नका, वेगळी पॉलिसी काढा. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर ठरतो.

शुगर, बीपी लपवू नका. जुन्या आजारांसाठी थांबायची मुदत आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. लपवलेलं मात्र डिस्चार्ज कार्डावरच्या ‘१० वर्षांपासून मधुमेह’ या एका ओळीत उघडं पडतं.

सातपूर-अंबडच्या कंपनीचा ग्रुप विमा आहे म्हणून निवांत असाल, तर नोकरी सुटली की तोही सुटतो. म्हणून स्वतःची वेगळी काढा. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत परत करता येते. तेवढ्यात एक रविवार काढून वाचा, आणि घराजवळच्या हॉस्पिटलच्या कॅशलेस काउंटरवर स्वतः जाऊन विचारा. विमा कंपनीच्या कॅशलेस यादीतलं नाव जुनं असू शकतं.