क्वांटम मेमरीचं लांब पल्ल्याचं नेटवर्क उभारताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक आधी सांगते. क्वांटम मेमरी म्हणजे फोटॉनची, प्रकाशाच्या एका कणाची, क्वांटम अवस्था जपून ठेवणारं उपकरण. ती किती वेळ टिकते हे सगळे मोजतात, पण तिला किती वेळ थांबावं लागणार आहे हे कुणी मोजत नाही.

फायबरमधून प्रकाशाला एक किलोमीटर जायला साधारण 5 मायक्रोसेकंद लागतात. दोन नोड, म्हणजे मेमरी असलेली दोन ठिकाणं, 50 किलोमीटर अंतरावर आहेत आणि बरोबर मध्ये दोन्हीकडचे फोटॉन एकत्र मोजून मेमरी एकमेकींशी जोडणारं मापनाचं स्टेशन आहे असं धरा. फोटॉन मध्यापर्यंत पोचायला 125 मायक्रोसेकंद, आणि 'जुळलं' किंवा 'नाही जुळलं' हा निरोप नोडपर्यंत परत यायला आणखी 125. म्हणजे 250 मायक्रोसेकंद मेमरीने धरून ठेवायचं. एका वेळी एकच फोटॉन सांभाळणारी मेमरी असेल, तर तोवर नवा प्रयत्नही करता येत नाही. लेसर कितीही वेगाने चालवा, सेकंदाला 4000 प्रयत्नांच्या पुढे जाता येणार नाही.

हे आम्ही चांगलंच अनुभवलंय. टेबलावर 25 किलोमीटर फायबरची दोन रिळं लावून प्रयोग चालू होता. मेमरीचा टिकाव 200 मायक्रोसेकंदांच्या आसपास. आकडे छान येत होते, म्हणून तोच संच दोन वेगळ्या इमारतींत नेऊन खऱ्या लाइनवर जोडला. साठवलेला फोटॉन परत मिळेचना. तीन आठवडे आम्ही लेसर तपासले, चुंबकीय क्षेत्र तपासलं, कनेक्टर पुन्हा पुन्हा पुसले. दोष होता दोन मीटरच्या केबलमध्ये. टेबलावर फोटॉन रिळातून फिरून यायचा, पण डिटेक्टरचा निरोप त्या केबलमधून लगेच मेमरीकडे पोचायचा. म्हणजे मेमरी निम्माच वेळ थांबत होती. तेव्हापासून मी टेबलावरच्या चाचणीत निरोपालाही फायबरइतकाच उशीर लावते, आणि लेसर चालू करण्याआधी कागदावर वेळेची रेघ आखते. घाईत असलेल्यांना हे वेळखाऊ वाटतं. मला त्या तीन आठवड्यांपेक्षा अर्ध्या तासाची रेघ परवडते.

'सहा तास' या आकड्यानेही नवख्यांची फार दिशाभूल होते. 2015 मध्ये युरोपियम मिसळलेल्या स्फटिकात सहा तासांची कोहेरन्स, म्हणजे क्वांटम अवस्था न बिघडता टिकण्याचा काळ, मोजली गेली, पण ती अणुकेंद्रांच्या स्पिनची, त्यांच्या चुंबकासारख्या गुणधर्माची. त्यात प्रकाश साठवून परत काढलेला नव्हता. 2021 मध्ये अशाच स्फटिकात प्रकाश तासभर साठवला गेला, तोही प्रखर लेसर पल्सचा, एकेका फोटॉनचा नव्हे. आकडा वाचलात की काय साठवलं होतं तेही वाचा.

लाइनच्या मध्ये प्रकाश वाढवणारा ऑप्टिकल अॅम्प्लिफायर लावू नका. वाढवायचं म्हणजे नक्कल करायची, आणि अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे 1982 पासून माहीत आहे.

चीनमधल्या बीजिंग-शांघाय या क्वांटम किल्ली पोचवणाऱ्या लाइनला रिपीटर नेटवर्क, म्हणजे मेमरीच्या मदतीने टप्प्याटप्प्याने अंतर जोडणारं नेटवर्क, म्हणू नका. तिथे 32 विश्वासू नोड आहेत. प्रत्येक नोडवर गुप्त संदेशाची किल्ली उघडी होते, म्हणून त्या प्रत्येकावर भरवसा ठेवावा लागतो. तिथे मेमरी नाही.

ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा, एकदा जुळवून विसरू नका. तापमान बदललं की ते सरकतं.

आता तरंगलांबी. रुबिडियमचा प्रकाश 780 किंवा 795 नॅनोमीटरचा असतो. फायबरमध्ये तो किलोमीटरला तीन-चार डेसिबल गमावतो, तर 1550 नॅनोमीटरला फक्त 0.2. म्हणून तरंगलांबीचं रूपांतर करावंच लागतं, आणि तिथे शॉर्टकट मारला की फसगत ठरलेली. रूपांतर करणाऱ्या स्फटिकात जो तगडा पंप लेसर सोडतो, तो स्वतःच नको ते फोटॉन तयार करतो. डिटेक्टरला ते तुमच्या फोटॉनसारखेच दिसतात. मोजणी वाढली म्हणून विद्यार्थी खूश होतात. माझी सवय अशी: मेमरीकडून येणारा प्रकाश झाकायचा, पंप चालू ठेवायचा, आणि दहा मिनिटं नुसती मोजणी करायची. झाकलेलं असताना आलेली प्रत्येक टिकटिक गोंगाटाची. ती तुमच्या सिग्नलच्या आसपास असेल, तर आधी फिल्टर अरुंद करा, मग पुढचा नोड जोडा.