प्राणिजन्य परजीवींचं सर्वेक्षण करताय? या चुका टाळा

माणूस आणि जनावर यांच्यात फिरणाऱ्या परजीवींवरच्या अभ्यासांचे मसुदे माझ्याकडे तपासायला येत असतात. परजीवी वेगळा, प्रदेश वेगळा, चुका मात्र त्याच. सर्वांत महागात पडणारी आधी घेतो.

चाचणीचा आकडा हाच लागणीचा आकडा समजणं

हिशोब करून बघा. १,००० जनावरांत खरी लागण २ टक्के, म्हणजे २० जनावरांना. चाचणीची संवेदनशीलता (लागण झालेल्यांपैकी किती पकडते) ९० टक्के, विशिष्टता (निरोगींपैकी किती निगेटिव्ह दाखवते) ९५ टक्के. कागदावर चाचणी उत्तम. ती २० पैकी १८ जनावरं पकडते, पण ९८० निरोगी जनावरांपैकी ४९ जनावरांनाही पॉझिटिव्ह ठरवते. एकूण झाली ६७. अहवालात ६.७ टक्के छापून येतं, खऱ्याच्या तिपटीहून जास्त, आणि त्या ६७ पैकी जवळजवळ तीन चतुर्थांश जनावरांत परजीवी नसतोच.

यावर रोगन आणि ग्लॅडन या संशोधकांनी १९७८ मध्ये सूत्र दिलेलं आहे. आकडे दशांशात घ्या, ९५ टक्के म्हणजे ०.९५. पॉझिटिव्ह प्रमाणात विशिष्टता मिळवून १ वजा करा. मग संवेदनशीलता आणि विशिष्टता यांच्या बेरजेतून १ वजा करून जे उरतं, त्याने भागा. वरचे आकडे घातले की बरोबर २ टक्के मिळतात. एका ओळीचं गणित, तरी लोक ते टाळतात, कारण आकडा लहान होतो आणि लहान आकड्याचा निबंध फिका वाटतो. मला हे अजिबात पटत नाही. औषधं, माणसं आणि पैसा कुठे पाठवायचा ते याच आकड्यावरून ठरतं.

सूत्रात घातलेली विशिष्टता दुसरीकडची असेल, तर सूत्रही वाचवत नाही. एका तरुण गटाने डुकरांच्या रक्तावर टीनिया सोलियमसाठी, म्हणजे डुकराच्या मांसातून माणसात येणाऱ्या पट्टकृमीसाठी, प्रतिजन चाचणी (परजीवीचे अंश शोधणारी) केली होती. पॉझिटिव्ह इतकी, की नकाशे रंगवून झाले होते आणि औषध मोहिमेची आखणी सुरू होती. मी विचारलं, किती डुकरं कापून पाहिलीत? एकही नाही. ते काम घाण, वेळखाऊ, आणि अंतिम तारीख जवळ आलेली. मी हटून बसलो. शेवटी काही पॉझिटिव्ह डुकरं विकत घेऊन जीभ, हृदय, डायफ्राम आणि मांडीचे स्नायू पातळ काप करून तपासले. स्नायूंत एकही गाठ मिळाली नाही. यकृतावर आणि पोटातल्या चरबीच्या पडद्यावर मात्र पाण्याने भरलेल्या पिशव्या लोंबत होत्या. तो निघाला टीनिया हायडॅटिजेना, कुत्र्याचा पट्टकृमी, माणसाच्या आरोग्याच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचा. ही चाचणी टीनिया वंश ओळखते, त्यातली जात सांगत नाही. हे ठाऊक असलेलं माणूस गटात होतं, पण घाईत त्याला कुणी विचारलंच नाही.

काही पॉझिटिव्ह आणि काही निगेटिव्ह जनावरं कापून पाहिल्याशिवाय मी टक्केवारीचा तक्ता मांडत नाही. जमणार नसेल तर नमुन्यांची संख्या कमी करा, पण हे गाळू नका.

माणसांतही हीच गत. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीविरुद्ध रक्तात तयार होणारं आयजीजी हे प्रतिपिंड सहसा जन्मभर राहतं. ते कधीतरी झालेली लागण सांगतं, चालू आजार सांगत नाही. लागण झाल्यावर लवकर दिसणारं आयजीएम हे प्रतिपिंडही कित्येक महिने टिकू शकतं. गरोदर बाईच्या एकट्या आयजीएमवरून ‘ताजी लागण’ लिहू नका, आयजीजीची ॲव्हिडिटी, म्हणजे ते परजीवीला किती घट्ट चिकटतं, ते तपासा.

प्रश्नावलीत फक्त ‘डुकराचं मांस खाता का?’ एवढंच विचारणं

या चुकीचा मला खरंच राग येतो. डुकराच्या कच्चट मांसातून माणसाच्या आतड्यात टीनिया सोलियम हा पट्टकृमी वाढतो. मेंदूतल्या गाठी होतात त्या अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी येतात पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. जन्मात मांस न खाल्लेल्या माणसाच्या मेंदूतही गाठ सापडते. म्हणून शौचालय, हात धुणं, स्वयंपाक कोण करतं, घरात कुणाच्या शौचात कृमीचे तुकडे पडतात का, हे सगळं विचारायला हवं.

कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी पाहून ‘एकायनोकोकस’ लिहिणं

एकायनोकोकस हा कुत्र्याच्या आतड्यातला छोटा पट्टकृमी, माणसात आणि मेंढ्यांत हायडॅटिड गाठी करणारा. टीनिया आणि एकायनोकोकस यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. कोप्रोअँटीजन (विष्ठेतले परजीवीचे अंश शोधणारी चाचणी) किंवा पीसीआर (डीएनए चाचणी) लागतोच. पीसीआर करायचा असेल तर नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवू नका, इथेनॉल वापरा. आणि नमुने उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवून निर्धास्त होऊ नका, त्या थंडीत अंडी मरत नाहीत. आधी उणे ८० अंशांवर काही दिवस ठेवा, मगच हाताळा. नवखे इथेच घाई करतात, आणि अंडी पोटात गेली तर होणारी हायडॅटिडची गाठ कित्येक वर्षांनी कळते.

जनावराचं यकृत खाल्लेल्या माणसाच्या शौचात फॅसिओला या यकृतातल्या कृमीची अंडी दिसली, तर ती नुसती आतड्यातून पुढे सरकलेली असू शकतात. काही दिवस यकृत खाणं बंद करून पुन्हा तपासा.

एकाच कळपातली वीस जनावरं म्हणजे वीस स्वतंत्र नमुने नव्हेत. जास्त कळप घ्या, प्रत्येकातून थोडी जनावरं घ्या.

रोगभार मोजताना एकच आजार दोनदा, आणि जनावरांचं नुकसान एकदाही न मोजणं

डॅली हे रोगाने हिरावलेल्या निरोगी आयुष्याचं माप. त्यात अकाली मृत्यूने गेलेली आणि आजारपणात काढलेली वर्षं एकत्र येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अन्नजन्य रोगभार गटाने २०१५ मध्ये टीनिया सोलियमचा २०१० सालचा भार सुमारे २८ लाख डॅली इतका मांडला. त्यात मोठा वाटा मेंदूतल्या गाठींमुळे येणाऱ्या अपस्माराचा. तेच रुग्ण अपस्माराच्या रकान्यातही धरले, तर बेरीज फुगते. रुग्ण कुठल्या रकान्यात जाणार, हे माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेवा.

उलट बाजूला, फेकून दिलेली यकृतं, घटलेलं दूध आणि पडलेला भाव डॅलीत कुठेच दिसत नाही. त्यासाठी २०१८ मध्ये झेडडॅली हे माप सुचवलं गेलं, त्यात पशुधनाचं नुकसानही वर्षांत बदलून मिळवतात. जनावरांवर ज्यांचं पोट आहे त्यांच्यासाठी अभ्यास करत असाल, तर हे गाळणं अन्याय आहे.

कत्तलखान्याची नोंद वापरताना जनावराचं वय लिहायलाच हवं. मेंढ्यांत हायडॅटिड गाठी वयाबरोबर वाढत जातात. कोवळी मेंढरं कापली जाणाऱ्या कत्तलखान्यात आकडा कमी येणार, म्हाताऱ्या काढून टाकलेल्या मेंढ्या जिथे येतात तिथे जास्त. वयाशिवाय या दोन कत्तलखान्यांची तुलना करणारा तक्ता मी वाचतच नाही, तसाच परत पाठवतो.