ठाण्याच्या गच्चीवरून मोबाइलमध्ये मृग नक्षत्र

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ताऱ्यांचा फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा शहराच्या उजेडामुळे. हा उजेड हवेतल्या धुळीवर आणि दमटपणावर विखुरतो, आणि शटर जितका वेळ उघडं राहील तितका फोटोत साठत जातो. म्हणून काळोख्या गावात चालणारं ३० सेकंदांचं सेटिंग इथे वापरू नका, आभाळ दुधाळ होतं. इथे थोड्या वेळाचे, पण पुष्कळ फोटो काढायचे.

सुरुवात मृग नक्षत्रापासून करा. डिसेंबरच्या मध्यावर रात्री नऊला ते पूर्वेला, क्षितिज आणि माथा यांच्या मध्यापेक्षा थोडं खाली असतं. वर रोहिणी, खाली व्याध हा ठळक तारा. गच्चीवर टाकीच्या आडोशाला जागा धरा, म्हणजे समोरच्या टॉवरचे दिवे थेट लेन्सवर पडणार नाहीत. अंधाराच्या शोधात रात्री येऊरच्या जंगलात मात्र शिरू नका, ती राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे.

मोबाइल ट्रायपॉडवर घट्ट बसवा. ट्रायपॉड नसेल तर तांदूळ भरलेली कापडी पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यात फोन रुतवा. लेन्स सुती कापडाने पुसा, कारण बोटाच्या तेलकट डागामुळे प्रत्येक ताऱ्याभोवती धुकट वलय येतं. एसीच्या खोलीतून आलात तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, थंड काचेवर दव धरतं.

आता प्रो मोड, म्हणजे कॅमेऱ्याची सेटिंग्ज हाताने बदलायची सोय. मुख्य १एक्स लेन्सच घ्या. अल्ट्रावाइडमध्ये सहसा प्रकाश कमी येतो. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) ४००, शटर ४ सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ४०००के, फ्लॅश बंद, टायमर ३ सेकंद, फाइल रॉ (फोनने प्रक्रिया न केलेली). फोकस हाताने अनंतावर न्या. काही फोनांत पट्टीच्या अगदी टोकाला तारे पुन्हा फुगतात, तेव्हा व्याध मोठा करून पाहा आणि तो सर्वांत बारीक दिसेल तिथे थांबा. ऑटोफोकसवर विसंबू नका. काळ्या आभाळात त्याला धरायला काही सापडत नाही.

एक फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख पाहा. त्याचा उंचवटा डावीकडून एक तृतीयांश अंतराच्या आसपास हवा. मधोमध गेला तर आयएसओ २०० करा, अगदी डाव्या कडेला चिकटला तर शटर ८ सेकंद करा. त्यापुढे जाऊ नका. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आभाळ तासाला १५ अंश सरकतं, आणि मृग खगोलीय विषुववृत्तावर असल्याने तिथले तारे सर्वांत जास्त सरकतात. ध्रुवाजवळ तारे कमी सरकतात, म्हणून तिथे शटर बरंच जास्त वेळ चालतं. शटर जास्त ठेवण्यात आणखी एक नुकसान आहे: मृगातल्या काक्षी (बीटलज्यूस) ताऱ्याचा तांबूस रंग जळून पांढरा होतो, आणि काक्षी व निळसर राजन्य (रायजेल) यांच्या रंगांतला फरक हीच तर या फोटोची खरी शोभा.

फोन न हलवता असे १६ फोटो घ्या. ते ताऱ्यांवर तारे बसवून एकत्र केले की दाणेदारपणा साधारण चौथाईवर येतो. विंडोजवर सिक्वेटर हे सॉफ्टवेअर हे काम फुकट करतं. मग स्नॅपसीड या अ‍ॅपमध्ये कर्व्हजने (उजेड-काळोख बदलायची वक्ररेषा) काळा भाग खाली ओढा. शार्पन करण्याचा मोह आवरा, त्याने दाणेच ताऱ्यांसारखे दिसू लागतात.

ताऱ्यांच्या रेषा हव्या असतील तर उत्तरेला तोंड करा. ठाण्याहून ध्रुव क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर दिसतो, म्हणजे हात ताठ लांब करून धरलेली साधारण एक वीत. ८ सेकंदांचे फोटो तासभर, मध्ये एक सेकंदाहून जास्त खंड न ठेवता घ्या आणि नंतर न सरकवता एकावर एक बसवा. खंड वाढला की रेषा तुटक येते. साधारण ४०० फोटो होतात, तेव्हा जेपेगच ठेवा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि पॉवर बँक आधीच जोडून ठेवा. मध्येच जोडायला गेलात तर फोन हलतो आणि सगळ्या रेषांना एकाच जागी गाठ पडते.